बिनकुलपाची झोपडी

"केस वाळवायचं यंत्र?" मारेत किंचाळलीच. "ओत्सो, आपण बेटावर चाललोय, लग्नाला नाही!"

"आईने भरलंय ते! मी नाही!" ओत्सोचे कान लाल झाले.

"असू दे की," ईस्को म्हणाला. "माशाच्या शेपटीत पिन खुपसू. बघू वीज येते का!"

स्वयंपाकघराच्या टेबलावर दूर उत्तरेतल्या इनारी सरोवराचा नकाशा पसरला होता आणि नकाशावर निम्मं सामान. राईची काळी भाकरी, धुरावलेले मासे, कॉफीची किटली, तंबू, आणि डासांच्या मलमाच्या डब्या, ज्या कितीही नेल्या तरी कमीच पडतात. मारेतला वसंतात तेरा पूर्ण झाली होती. त्यांच्या घरचा कायदाच असा, की तेरा पूर्ण झाल्याशिवाय मोठ्या माणसांविना सरोवरात होडी घालायची नाही. या उन्हाळ्याची तिने किती वाट पाहिली होती म्हणून सांगू! धाकटा भाऊ ईस्को तिच्या भरवशावर जाणार होता. आतेभाऊ ओत्सो औलू शहरातून सुट्टीला आला होता, आणि त्याने आजवर होडी पाहिली होती ती पुलावरून.

"पहिला मुक्काम या खडकाळ बेटावर, तंबूत," मारेतचं बोट नकाशावरून सरकलं. "दुसरा कुइवासारीच्या झोपडीत. आणि सगळं सामान बांधलेलं हवं. होडीत सुटी ठेवलेली वस्तू म्हणजे सरोवराला दिलेली वस्तू!"

"सॉसेजसुद्धा?"

"सॉसेजसुद्धा!"

"मी पोटात बांधून ठेवतो," ईस्को म्हणाला. "तिथून नाही पडणार."

ओत्सो नकाशावर वाकला. "झोपडीची किल्ली कोणाकडे असते?"

दोघं त्याच्याकडे बघतच राहिले. मग ईस्को इतका हसला की किटली खाली पडली.

"किल्ली! अरे, ती बिनकुलपाची झोपडी आहे," मारेत म्हणाली. "वादळात सापडलेल्या माणसाने किल्ली कुठे शोधत फिरायचं? कोणीही यायचं, चूल पेटवायची, झोपायचं. निघताना पुढच्यासाठी चुलीजवळ कोरडी लाकडं आणि ढलप्या ठेवायच्या. आणि जो शेवटी येईल त्याचा मान पहिला. आधीचे ऊब घेऊन बसलेले असतात ना!"

"भयंकर नियम आहे!" ईस्को म्हणाला. "मागच्या वर्षी मला चुलीजवळून उठवलं, एका ढेरपोट्या कोळ्यासाठी! रात्रभर घोरत होता वर!"

दार वाजलं आणि आजोबा आत आले. दुखरा गुडघा ओढत ते बाकापर्यंत गेले आणि टोपी खुंटीला न लावताच बसले. उला आजोबा मुळात कमी बोलायचे. कौतुक तर त्यांच्या तोंडून कोणी ऐकलंच नव्हतं. चूल पेटवायला ढलप्या तासून नेल्या, की ते बोटांनी चाचपायचे आणि म्हणायचे, 'ओल्या आहेत.' बस्स!

"झोपडीला कुलूप लागणार," आजोबा म्हणाले.

"काय?" तिघंही एकदम ओरडले.

"दुकानात रेइमो भेटला. सगळ्या गावाला सांगतोय. लाकडाची खोपी रिकामी आहे म्हणे. टेबल जळालंय. पोरंटोरं आणि भटके नासधूस करतात. रविवारी गावच्या मंडळाच्या सभेत ठराव आहे. कुलूप लावायचं, आणि किल्ली रेइमोकडे."

"रिकामी कशी असेल? मार्चमध्ये तुम्ही गोठलेल्या सरोवरावरून स्लेजने लाकूड नेलं होतं ना? छतापर्यंत रचलं होतं!"

ती झोपडी गावकऱ्यांनी बांधलेली, आणि तिची देखरेख आजोबांकडे. मारेतला आठवतं तेव्हापासून दर मार्चला ते लाकूड नेत आले होते. आता ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"रेइमो म्हणतो, मी नेलंच नाही. वय झालं, विसरलो असेन. बाकीच्यांनी माना डोलावल्या." त्यांनी दुखरा गुडघा चोळला. "एकटाच गेलो होतो. नेलं होतं. बहुतेक."

बहुतेक! सरोवरातला खडक न् खडक पाठ असलेल्या तिच्या आजोबांनी हा शब्द कधी वापरलाच नव्हता. लाकूड गेलं ते गेलं, पण कोणीतरी आजोबांचा स्वतःवरचा विश्वासच पळवून नेला होता! तिला रडूही आलं आणि रागही आला. तिने रागाची निवड केली.

"बहुतेक नाही, आजोबा! नेलंच होतं! आम्ही जातो आणि ते लाकूड शोधून आणतो!"

"मारेत!" आई चुलीजवळून म्हणाली. "रागात होडी चालवायची नाही."

"राग किनाऱ्यावर ठेवून जाते."

"जॅकेटं अंगातच राहतील. आणि सरोवराशी पैज लावायची नाही. वारा सुटला, की जे बेट जवळ ते आपलं. कबूल?"

"कबूल!"

आजोबा उठले, कोठीत गेले आणि जाळ्याचा एक जाडजूड दोर घेऊन आले. "हा ने," ते म्हणाले. "लांब आहे."

मारेतने आईला दिलेले सगळे शब्द पाळले, एक सोडून. राग काही तिने किनाऱ्यावर ठेवला नाही. तो तिने घट्ट गुंडाळून बरोबर घेतला.

सरोवर तेलासारखं शांत होतं. छोटं इंजिन फटफटत होतं आणि ओत्सो दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून बसला होता.

"सोड की!" ईस्को म्हणाला. "तू धरलीस म्हणून ती तरंगत नाहीये."

"तू तुझं सॉसेज सांभाळ!"

"सांभाळलं. खाल्लं!"

दुपारी समोरून एक चमत्कारिक गोष्ट आली. एक रुंद तराफा, त्यावर लाकडी खोली, आणि खोलीच्या धुराड्यातून भकाभका धूर! रेइमोकाकाचा सॉनाचा, म्हणजे घाम काढायच्या गरम अंघोळीचा, तराफा होता तो. दक्षिणेकडचे पाहुणे आत घामाघूम व्हायचे, ओरडत गार पाण्यात उड्या मारायचे आणि पुन्हा आत पळायचे. रेइमोकाका सुकाणूजवळ उभा होता. गोल चेहरा, मोठा आवाज. उभ्या गावाचा दोस्त!

"काय रे पिल्लांनो! कुठे स्वारी?"

"कुइवासारी!" मारेत ओरडली.

"उगाच हेलपाटा! मी कुलूप घालून ठेवलंय!"

"सभा तर रविवारी आहे!"

"अगं, सभा म्हणजे नुसतं कॉफी पिणं! झोपडी वाचवायला नको का? तुझ्या आजोबांना आता झेपत नाही बिचाऱ्यांना!" त्याने हात हलवला आणि तराफा निघून गेला.

"बिचारे?" मारेतने इंजिनाचा कान असा पिरगाळला की होडीने टुणकन उडी घेतली आणि ओत्सोने पुन्हा दोन्ही कडा धरल्या.

संध्याकाळी ते खडकाळ बेटावर उतरले. आता इकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेव्हा संध्याकाळ म्हणजे काय, सूर्य तिथेच, फक्त जरा तिरका! तंबू ठोकला, डासांनी स्वागत केलं. खडकांमधल्या जुन्या चुलाण्याशी कोणीतरी नुकतंच येऊन गेलं होतं. खरकटे चांदीचे कागद, बाटलीची बुचं, राख.

"रेइमोकाकाचे पाहुणे!" ईस्कोने नाक मुरडलं. "आणि म्हणे पोरंटोरं नासधूस करतात. चोराच्या उलट्या बोंबा!"

ओत्सोने राखेतून एक अर्धवट जळलेला ओंडका उचलला. "तुमच्याकडे लाकडं इतकी आखूड का तोडतात?"

"कुठे आखूड तोडतात? आमच्याकडे तर..." मारेत बोलता बोलता थांबली. तिने ओंडका हिसकावून घेतला. तो एका बाजूने जळाला होता, पण त्याची उभी चिरलेली एक ढलपी टोकापासून टोकापर्यंत शाबूत होती. तिने ती आपल्या कोपराशी लावली. दुसरं टोक मुठीच्या थोडंसं पुढे आलं.

"ईस्को! आजोबांचा हात माझ्यापेक्षा केवढा मोठा आहे?"

"एवढा," ईस्कोने दोन बोटं दाखवली, आणि मग त्याचे डोळे विस्फारले. "कोपरापासून मुठीपर्यंत! झोपडीची चूल!"

"मला कोणी सांगेल का काही?" ओत्सो वैतागला.

"अरे, झोपडीतली चूल एका जुन्या बोटीतली आहे. तिचं तोंड इवलंसं! साधं लाकूड आत जातच नाही. म्हणून आजोबा तिच्यासाठी हाताच्या मापाने लाकूड कापतात. गावात दुसरं कोणी इतकं आखूड कापत नाही. कापेल कशाला? दुप्पट कष्ट!"

"म्हणजे हे लाकूड..."

"झोपडीतलं आहे! रेइमोकाकाने पळवलंय! आजोबा काही विसरले नव्हते!" मारेतने ती ढलपी छातीशी धरली. ओत्सोला वाटलं, ही आता रडणार. पण ती खडकावर चढली आणि आख्ख्या सरोवराला ऐकू जाईल अशी ओरडली, "नेलं होतं! नेलं होतं! नेलं होतं!"

पलीकडच्या पाण्यातून एका पाणपक्ष्याने चिडून उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी आभाळाचा रंग बिघडला. मारेतने बेटांच्या आडोशाआडोशाने होडी घेतली. लांबचा रस्ता, पण शहाण्याचा. कुइवासारी समोर दिसायला लागलं आणि उत्तरेकडून वारा सुटला. मागे फिरण्यापेक्षा पुढे जवळ होतं. पाऊस असा आला की समोरचं टोक दिसेना. ईस्को डबड्याने होडीतलं पाणी उपसत होता आणि ओत्सो... काय सांगू, कडा सोडून तोही उपसत होता!

बेटाच्या दक्षिणेची खाडी वाऱ्याच्या आडोशाला होती. तिथे शिरताच पाणी थोडं निवळलं. पण धक्क्याला सॉनाचा तराफा बांधलेला होता, आणि झोपडीच्या धुराड्यातून धूर निघत होता. दारावर चकचकीत नवं कुलूप उघडं लोंबत होतं.

मारेतने दार ढकललं. आत ऊब, कॉफीचा वास, चार पाहुणे आणि चुलीजवळ पाय पसरून रेइमोकाका. टेबलाच्या मध्यावर जळल्याचा मोठा काळा गोल डाग होता.

"अरे अरे अरे! चिखल!" रेइमोकाका म्हणाला. "लेकरांनो, इथे जागा नाही. पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय. तंबू आहे ना तुमच्याकडे? ठोका झाडाखाली. मज्जा येईल!"

ईस्कोचे दात कडाकडा वाजत होते. मारेतच्या केसांतून पाणी गळत होतं. ती एक पाऊल पुढे आली.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"तंबू ठोकणार नाही. आम्ही शेवटी आलो. आमचा मान पहिला!"

"अगं, ते जुन्या काळचं..."

"जुन्या काळचं नाही, काका! दार तेच आहे, चूल तीच आहे! तुमचे पाय कोरडे आहेत आणि माझ्या भावाचे ओठ निळे पडलेत. उठा!"

मोठ्या माणसाला 'उठा' म्हणणं काही सोपं नसतं. पण मारेतने मान खाली घातली नाही.

निळ्या टोपीतल्या एक पाहुण्या बाई, सिर्काबाई, हळूच म्हणाल्या, "रेइमो, तुम्ही तर म्हणाला होतात, ही तुमची झोपडी आहे."

"म्हणजे... जवळपास माझीच! मीच तर सांभाळतो! इथला जुना राखणदार म्हातारा झालाय. त्याने यंदा लाकूडसुद्धा आणलं नाही. बाहेरची खोपी बघा, रिकामी आहे!"

मारेतने पाठपिशवीतून ती ढलपी काढली, चुलीचं इवलंसं दार उघडलं आणि ढलपी आत सरकवली. अशी बरोबर बसली की दार लावताना किंचितसुद्धा अडलं नाही.

"हे काल खडकाळ बेटाच्या राखेत सापडलं," ती म्हणाली. "तुमच्या सॉनाची चूल तर केवढी मोठी आहे, काका! तिच्यासाठी एवढं आखूड लाकूड कोण हो कापतं?"

"कोणीही कापेल! एक लाकूड म्हणजे काय पुरावा झाला?"

"एक नाही!" दारातून आवाज आला. ओत्सो! तो कधी सटकला होता कोणाला कळलंच नव्हतं. त्याच्या दोन्ही हातांत लाकडांची मोळी होती. त्याने ती धाडकन जमिनीवर टाकली. "तराफ्यावर सॉनाच्या मागे ढीग आहे याचा! सगळी एका मापाची! मी मोजायला बसलो नाही, पाऊस होता!"

रेइमोकाकाचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला. सिर्काबाई उठल्या, त्यांनी ईस्कोला चुलीजवळ बसवलं आणि आपला लोकरी मफलर त्याच्या गळ्यात गुंडाळला. त्यांचा नवरा म्हणाला, "आणि ते टेबल? मागच्या पाहुण्यांची शेगडी ठेवल्याने जळलं, असं काल तुम्हीच हसत सांगितलंत की, रेइमो."

"बास!" रेइमोकाका उसळला. "चला सगळे तराफ्यावर! पलीकडच्या खाडीत जाऊ!"

"या वाऱ्यात?" सिर्काबाई म्हणाल्या. "मी नाही येणार."

कोणीच उठलं नाही.

"मग मी एकटाच जातो! मला कोणी शिकवायचं नाही!" दार धाडकन आपटलं.

"लाकडं लपवायला चालला," ईस्को मफलरमधून म्हणाला.

मारेत खिडकीशी धावली. "अरे देवा! दोर सोडला यांनी! तराफ्यावरची खोली वारा धरणार!"

तसंच झालं. धक्क्यापासून सुटताच वाऱ्याने सॉनाच्या भिंतीला असा दणका दिला, की ते पिटुकलं इंजिन नुसतंच केकाटत राहिलं. तराफा आडवा होऊन खाडीच्या तोंडाकडे वाहत गेला आणि तिथल्या खडकांवर अडकला. एक बाजू वर उचलली गेली. लाकडं घरंगळत पाण्यात पडायला लागली. रेइमोकाका धुराड्याला मिठी मारून बसला.

"वाचवा!" मोठ्या आवाजाचा उपयोग झाला खरा. नीट ऐकू आलं.

"बसू दे थोडा वेळ," ईस्को म्हणाला.

"तराफा सुटला तर मोकळ्या पाण्यात जाईल," मारेत म्हणाली. तिची नजर आजोबांच्या दोरावर गेली. "सरोवराशी पैज लावायची नाही. ठीक आहे, नाही लावत! दोराचं एक टोक आपल्या होडीला, दुसरं धक्क्याच्या खुंटाला. वारा आपल्याला तिकडे नेईल, आणि हे सगळे आपल्याला ओढून परत आणतील!"

"मी जाते होडीत," सिर्काबाई म्हणाल्या. "तू लहान आहेस."

"तुम्हाला वल्हवता येतं?"

"नाही."

"मग तुम्ही दोर धरा. आणि मी हात वर केला की ओढा, जोरात! ईस्को, तू ओरडून सांगायचं. ओत्सो, तू..." ती घुटमळली.

"मी होडीत," ओत्सो म्हणाला. तो पांढराफटक पडला होता, पण आधीच जॅकेटचे पट्टे आवळत होता. "होडीतून दोर कोणीतरी सोडायला नको का?"

दोर हळूहळू सुटत गेला. खाडीत लाटा छोट्या होत्या, पण तोंडाशी होडी वर-खाली व्हायला लागली. मारेत वल्ह्यांनी नुसती दिशा धरत होती. होडी तराफ्याच्या बाजूला लागली.

"उडी नका मारू! बसून सरका! बसून, काका!"

रेइमोकाका बसून सरकला, पाय घसरला, कमरेपर्यंत पाण्यात गेला. ओत्सोने त्याची कॉलर पकडली आणि दोघांनी मिळून त्याला होडीत ओढलं. मारेतने हात वर केला.

"ओढाऽऽऽ!" ईस्कोच्या आवाजाने पाऊससुद्धा दचकला असेल. दोर ताणला गेला, आणि होडी वाऱ्याला तोंड देत परत निघाली.

थोड्या वेळाने झोपडीचं दार उघडं होतं आणि उंबऱ्याबाहेर रेइमोकाका उभा होता. कपड्यांतून पाणी गळत होतं. आत सगळे त्याच्याकडे बघत होते. तो काही आत येईना.

मारेतने त्याच्याकडे पाहिलं. 'तंबू ठोका झाडाखाली, मज्जा येईल!' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. खरं सांगायचं तर ते म्हणायला काय गोड वाटलं असतं!

"ईस्को," ती म्हणाली, "ऊठ."

"का?"

"काका शेवटी आलेत."

"काय! पण यांनीच तर आपल्याला..."

"माहीत आहे! ऊठ!" मारेतचा आवाज फाटला. "नियम म्हणजे नियम! आवडत्या माणसांपुरता ठेवला तर तो नियम नाही, तेही एक कुलूपच! काका, या आत. चुलीजवळची जागा तुमची आहे."

ईस्को उठला. पाय आपटत उठला, पण उठला. रेइमोकाका चुलीजवळ बसला. सिर्काबाईंनी त्याच्या हातात कॉफी दिली.

"छतापर्यंत रचलेलं होतं," तो कपात बघत म्हणाला. आवाज अगदी छोटा झाला होता. "उलाने नीट झाकूनसुद्धा ठेवलं होतं. मी आधी एकच मोळी घेतली. पाहुणे खोळंबले होते, लाकूड तोडायचा कंटाळा आला. मग आणखी एक घेतली. मग..."

"हे आम्हाला नका सांगू," मारेत म्हणाली. "आधी आजोबांना सांगा. मग रविवारी सगळ्यांसमोर. आम्ही तिथे समोर बसणार आहोत!"

रेइमोकाकाने होकाराची मान हलवली.

पाऊस थांबल्यावर ईस्कोने मोठ्या खडकावर चढून फोन लावला. "आई, आम्ही कोरडे आहोत! म्हणजे आता आहोत! आजोबांना सांग, लाकूड सापडलं!"

सकाळी सरोवर असं शांत होतं, जणू काल काही झालंच नाही. मासेमारीची मोठी बोट खाडीत शिरली. मंडळाच्या अध्यक्ष लेनामावशी सुकाणूवर, बाजूला आई, आणि पुढे, एका हातात काठी धरून, आजोबा!

रेइमोकाका धक्क्यावर उभाच होता. सगळे ऐकत होते तरी त्याने बोलायचं टाळलं नाही. "उला, तू लाकूड आणलं होतंस. छतापर्यंत. मी नेलं. तू काहीही विसरला नव्हतास."

आजोबांनी काठी घट्ट धरली.

"नेलं होतं," ते म्हणाले. पुढे एक शब्द नाही. मारेतने कान देऊन ऐकलं. 'बहुतेक' आलाच नाही! तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी तिने ते येऊ दिलं.

आजोबा लंगडत झोपडीत शिरले. चुलीजवळच्या जागेवर मारेत बसली होती. ती झटकन उठली. "आजोबा, तुम्ही शेवटी आलात."

"हं," आजोबा म्हणाले आणि बसले.

"आता दुसरं कोणी येईपर्यंत उठायचं नाही हं!" ईस्कोने बजावलं.

लेनामावशींनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "त्या दिवशी दुकानात माना डोलावणाऱ्यांत मीही होते," त्या म्हणाल्या. "लाज वाटली पाहिजे आम्हाला. पोरांनो, तुम्ही आख्ख्या गावापेक्षा शहाणे निघालात! आणि ओत्सो, तू नक्की शहरातलाच ना?"

ओत्सो हसून नखं बघायला लागला.

"कुलूप कुठे आहे? रविवारी सभेत दाखवायला हवं."

"ते होय?" मारेत म्हणाली. "मी झोपडीतल्या जाळ्याला बांधून सकाळी पाण्यात सोडलं. वजन हवंच होतं. मासे लागलेत, थांबता का जेवायला?"

आई कपाळावर हात मारून हसली. लेनामावशी तर डोळे पुसेपर्यंत हसल्या.

लेनामावशींच्या बोटीने तराफा खडकांवरून ओढून धक्क्याला लावला, आणि दिवसभर खोपीसमोर कुऱ्हाडीचे घाव पडत राहिले. पाहुण्यांनी पाण्यातून गोळा केलेली लाकडं खडकांवर वाळत पडली होती, आणि रेइमोकाका नवीन लाकूड फोडत होता. ईस्को दर थोड्या वेळाने आपला हात कोपरापासून पुढे करायचा आणि म्हणायचा, "काका, हे जरा लांब झालं. पुन्हा!"

निघायची वेळ झाली. मारेतने चुलीजवळ, पुढे कोण येईल ते ठाऊक नसलेल्या माणसासाठी, लाकडं रचली आणि वर तासलेल्या ढलप्या ठेवल्या. आजोबा वाकले. त्यांनी एक ढलपी उचलली, बोटांनी चाचपली, नाकाशी नेली. तिघांनी श्वास रोखून धरला.

"कोरड्या आहेत," आजोबा म्हणाले.

"ऐकलंस?" ईस्कोने ओत्सोला कोपर मारलं. "हे म्हणजे सुवर्णपदक आहे!"

दाराशी आजोबांनी खोपीतली आपली जुनी कुऱ्हाड मारेतच्या हातात दिली. "येत्या मार्चला लाकूड तू आणायचंस. बर्फावरून."

"मी? एकटी?"

आजोबांनी दार नुसतं ओढून घेतलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"मी येईन मदतीला," ते म्हणाले. "बहुतेक."